सल्ला हवा: आमचा आठ कोअरचा कंट्रोलर गिऱ्हाइकाला नेमका काय म्हणून सांगावा? (नाशिक)

सातपूर_कार्डवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सातपूरला आमचं चार जणांचं युनिट आहे. एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठीची खास यंत्रं, बनवणाऱ्यांना कंट्रोल कार्ड करून देणं हा मूळ धंदा. गेली तीन वर्षं रात्री आणि रविवार घालून आम्ही स्वतःचा एक कंट्रोलर उभा केलाय. तो चालतोय. अडलंय ते सांगण्यापाशी.

थोडक्यात रचना अशी. आर्टिक्स ७ जातीच्या एफपीजीएवर (आतली जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येते अशी चिप) आठ छोटे कोअर, म्हणजे आठ छोटे प्रोसेसर. प्रत्येकाला स्वतःची ८ केबी मेमरी, आणि सगळ्यांत मिळून ६४ केबी सामाईक. सामाईक मेमरी फिरत्या पाळीने मिळते, एका क्लॉकला एक कोअर. क्लॉक ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे आत्ता पाळी हुकली तरी १६० नॅनोसेकंदांत ती परत येतेच. इंटरप्ट नाहीत. म्हणजे ठेवलेच नाहीत (इंटरप्ट: चालू काम थांबवून दुसरं आधी करायला लावणारा सिग्नल). एक काम, एक कोअर. सीरियल पोर्ट, एन्कोडर (फिरण्याचं माप देणारा सेन्सर), स्टेपर मोटरचे पल्स यांच्यासाठी वेगळं हार्डवेअर नाही, एकेक कोअर तेच काम प्रोग्रॅमने करतो.

आता अडचण. मागच्या महिन्यात एका औद्योगिक प्रदर्शनात टेबल लावलं होतं. पहिल्याने विचारलं, किती मेगाहर्ट्झ? पन्नास म्हटल्यावर मान हलवून पुढे गेला. दुसरा म्हणाला, म्हणजे छोटा पीएलसी (कारखान्यात यंत्र चालवणारा नेहमीचा कंट्रोलर) ना? तिसऱ्याला एफपीजीए हा शब्द ऐकूनच महाग वाटलं. एका कॉलेजच्या सरांनी विचारलं, यावर एआयचं मॉडेल चालेल का? चौघांनाही मी अर्धा-अर्धा तास समजावलं आणि चौघेही "छान आहे" म्हणून गेले. "छान आहे"चा अर्थ धंद्यात काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माहितीपत्रकाचं पहिलं वाक्य सध्या असं आहे: "क्रांतिकारी अष्टकोअर समांतर प्रोसेसर, शून्य जिटर, संपूर्ण स्वदेशी रचना." (जिटर म्हणजे दर वेळी वेळेत पडणारा थोडाफार फरक.)

याला म्हणायचं काय, मायक्रोकंट्रोलर, पीएलसी की आणखी काही? तुलना कशाशी करायची? आणि नाशिकमध्ये आधी कोणाचं दार वाजवायचं? तुमच्यापैकी कोणी असं वेगळ्या वळणाचं काही विकलं असेल, वापरलं असेल, तर मनापासून सांगा. टीका चालेल.

---

अंबड_पॅनेल

अभिनंदन दादा, आधी ते. मल्टिकोअर म्हटलं की माणसाला मोबाईल आठवतो. मोबाईलच्या आठ कोअरपुढे तुमचे ५० मेगाहर्ट्झ म्हणजे बैलगाडीच वाटणार. पहिल्या ओळीतून कोअरचा आकडा काढा. बाकी जाणकार सांगतीलच.

---

जुना_ट्रान्सप्यूटर

धागा वाचून राहवलं नाही. मी आता निवृत्त आहे, गंगापूर रोडला असतो. तरुणपणी पुण्यात ट्रान्सप्यूटरवर काम केलंय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

ट्रान्सप्यूटर ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा. टी४१४ आला १९८५ मध्ये, फ्लोटिंग पॉइंट असलेला टी८०० त्यानंतर दोन वर्षांनी. एका चिपमध्ये प्रोसेसर, थोडी मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार सीरियल लिंक. चिपला चिप जोडत जायचं आणि यंत्र वाढवायचं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो याच ट्रान्सप्यूटरवर. त्यामुळे "असलं काही आपल्याकडे कोण वापरणार" असं कोणी म्हटलं तर पुण्याकडे बोट दाखवा.

ट्रान्सप्यूटरची कल्पना फार सुंदर होती. हार्डवेअर, ऑकम ही भाषा आणि त्यामागचा टोनी होअर यांचा १९७८चा सीएसपीचा (एकमेकांशी निरोपांनी बोलणाऱ्या स्वतंत्र कामांचा) विचार, तिन्ही एका मापाचे. पण विकताना सगळा भर "समांतर संगणनाचं नवं युग" यावर. गिऱ्हाइकाला एका दमात नवी चिप, नवी भाषा आणि विचार करायची नवी रीत, तिन्ही गिळायला सांगितल्या. ज्याला खरोखर समांतर यंत्र हवं होतं त्याने गिळल्या. बाकीच्यांनी ओळखीची चिप घेतली.

आता महत्त्वाचं. त्याच घराण्यातला एसटी२० नावाचा कोअर पुढे कित्येक वर्षं टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये निमूट चालला. त्या बॉक्सवर समांतर हा शब्द कोणी छापला नाही. चित्र दिसलं पाहिजे एवढंच काम, आणि ते झालं.

याच परंपरेतलं आणखी एक. ट्रान्सप्यूटरचे शिल्पकार डेव्हिड मे हे २००५ मध्ये स्थापन झालेल्या एक्समॉस या चिप कंपनीच्या संस्थापकांपैकी. रचना तुमच्या जवळची, एकेक हार्डवेअर थ्रेड आपापल्या वेळेला बांधलेला. सुरुवातीला ते त्याला "सॉफ्टवेअर डिफाइन्ड सिलिकॉन" म्हणायचे. बाजारात नाव झालं ते यूएसबी ऑडिओत, कारण गाणं ऐकताना मध्येच टिक वाजलं की ते कोणाच्याही कानाला कळतं. वेळ चुकली की काय होतं हे तिथे समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या क्षेत्रातलं ते "टिक" कोणतं? ते सापडलं की नाव आपोआप सापडेल.

---

स्कोपवाली

काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलासमोर लावण्यासारखा आहे.

मी टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून माझी नजर "शून्य जिटर" वर अडकली. ते वाक्य आजच काढा. समजा कोअर एका लूपमध्ये पिन बघतोय. तीन सूचना, प्रत्येकी दोन क्लॉक, म्हणजे एक फेरा १२० नॅनोसेकंदांचा. सिग्नल त्या फेऱ्यात कुठेही येऊ शकतो. तेवढा जिटर झालाच. माझ्यासारखी कोणी स्कोप (सिग्नलची रेघ दाखवणारं यंत्र) लावेल, पर्सिस्टन्स (आधीच्या रेघा पडद्यावर राहू देणारी सोय) चालू करेल, पट्टा जाड दिसेल आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही तिचा विश्वास राहणार नाही.

आणखी एक विचारते, कोअरचा इन्स्ट्रक्शन सेट कुठला आहे? कंपायलर कुठला? धाग्यात कुठेच दिसलं नाही.

---

सातपूर_कार्डवाला

ताई, बरोबर आहे, काढतो. मात्र आमच्याकडे "पिन बदलेपर्यंत थांब" अशी एक खास सूचना आहे. कोअर तिथे गोठून उभा राहतो आणि पिन बदलली की पुढच्या क्लॉकला सुटतो. त्यामुळे लूपचा प्रश्न येत नाही, फरक एका क्लॉकचा, २० नॅनोसेकंद.

कोअर आरआयएससी-व्ही या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटचे आहेत, आरव्ही३२आय. नेहमीचा जीसीसी कंपायलर चालतो. थांबण्याच्या सूचनेसाठी एक छोटं सी फंक्शन दिलंय. हे सगळं माहितीपत्रकात अकराव्या पानावर आहे.

---

स्कोपवाली

अकराव्या पानावर!! अहो, ही तर पहिल्या पानाची गोष्ट. "नेहमीच्या सी मध्ये प्रोग्रॅम करा" हे वाचलं की निम्मी भीती जाते.

आणि "२० नॅनोसेकंद" हे शून्यापेक्षा कितीतरी भारी आहे, कारण ते मोजता येतं. स्कोपचा फोटो लावा. एक हजार वेळा ट्रिगर केलेला, पर्सिस्टन्ससह, खाली टाइमबेस दिसेल असा.

---

कॉग_आठ

मी पॅरालॅक्स कंपनीचा प्रॉपेलर हा मायक्रोकंट्रोलर खूप वापरलाय, त्यामुळे तुमची रचना वाचून घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. २००६ चा तो चिप. आठ कॉग (म्हणजे त्याचे कोअर), प्रत्येकाला २ केबी, सामाईक ३२ केबी रॅम, आणि हबची (सामाईक मेमरीची) पाळी दर १६ क्लॉकला. ८० मेगाहर्ट्झवर २०० नॅनोसेकंद. इंटरप्ट त्यातही नव्हते. प्रॉपेलर २ मध्ये आले, पण तेही प्रत्येक कॉगपुरते, दुसऱ्याच्या कामात हात न घालणारे.

माझा अनुभव असा की "इंटरप्ट नाहीत" हे वाक्य ऐकून समोरचा इंजिनिअर सावध होतो. त्याला वाटतं काहीतरी कमी आहे. मीही कॉलेजच्या पोरांना ते आधी सांगायचो, आता सांगतच नाही. आधी चालवून दाखवतो: एका कॉगवर व्हीजीए, दुसऱ्यावर कीबोर्ड, तिसऱ्यावर सर्वो. पोरं विचारतात, सर, यात व्हीजीएचं हार्डवेअर कुठेय? मग सांगतो.

प्रॉपेलर लोकांच्या हातात रुळला तो त्याच्या तयार ऑब्जेक्टच्या साठ्यामुळे. लोकांनी लिहून ठेवलेले ड्रायव्हर. हवा तो उचला, एका कॉगवर टाका, चालू. तुम्हीही "आठ कोअर" विकू नका, कामगारांची यादी विका. मॉडबसवाला (मॉडबस ही यंत्रांनी आपसात बोलायची रीत) तयार, एन्कोडरवाला तयार, स्टेपरवाला तयार, वजनकाट्याच्या लोडसेलवाला तयार. गिऱ्हाइकाने आठ निवडायचे.

एक धोक्याची सूचना. पॅरालॅक्सने २०१४ मध्ये प्रॉपेलर १ चा व्हेरिलॉग कोड (चिपची रचना लिहिण्याच्या भाषेतला) जीपीएल या परवान्याखाली खुला केला. तुम्ही त्यातला काही भाग घेतला असेल तर परवान्याच्या अटी नीट बघा. स्वतः लिहिला असेल तर तसं स्पष्ट छापा, कारण रचना इतकी जवळची आहे की कोणीतरी विचारणारच.

---

सातपूर_कार्डवाला

कोड पूर्ण आमचा आहे. पाळीची कल्पना मात्र तिथूनच शिकलो, ते माहितीपत्रकात मानाने लिहू.

---

टायमर_आणि_डीएमए

सगळे कौतुक करतायत, मी जरा उलटा सूर लावतो. राग मानू नका.

एसटीएम३२एफ४०७ हा मायक्रोकंट्रोलर घ्या. १६८ मेगाहर्ट्झ. त्यातल्या कॉर्टेक्स-एम४ कोअरला इंटरप्ट घ्यायला १२ क्लॉक, मेमरी थांबवत नसेल तर ७१-७२ नॅनोसेकंद. एन्कोडर त्याचा टायमर स्वतः मोजतो, डेटा डीएमए हे वेगळं हार्डवेअर परस्पर हलवतं, कोअरला कळतही नाही. किंमत तुमच्या एफपीजीएच्या काही पट कमी. पल्स विचित्र हवे असतील तर २०२१ चा आरपी२०४० आहे, त्यात पिनांचं काम स्वतंत्रपणे करणारी पीआयओची आठ छोटी स्टेट मशीन. बीगलबोन बोर्डवर दोन पीआरयू (वेळेच्या कामांचे छोटे कोअर) आहेत, २०० मेगाहर्ट्झचे, एका सूचनेला ५ नॅनोसेकंद. लोकांनी त्यावर सीएनसी चालवलेत.

आणि शेवटी यंत्रावर असतो सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. त्याला उघडायलाच मिलिसेकंद लागतो. तिथे २० नॅनोसेकंद कोणाला विकणार?

तुम्ही हे बनवलंत का, हा माझा खरा प्रश्न आहे. "करून बघावंसं वाटलं" हे उत्तरही मला मान्य आहे, पण मग ते गिऱ्हाइकाला सांगू नका.

---

सातपूर_कार्डवाला

राग कसला, हाच प्रश्न हवा होता. सविस्तर लिहितो.

पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही बेदाण्याच्या प्रतवारीच्या यंत्राला कार्ड दिलं होतं. पट्ट्यावरून दाणे खाली पडतात, पडता पडता कॅमेरा बघतो, काळा मणी किंवा देठ दिसला की खालच्या नोझलमधून हवेचा झोत, आणि तो दाणा बाजूच्या क्रेटमध्ये. नोझलपाशी दाण्याचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटर. म्हणजे एक मिलिसेकंद चुकला की झोत तीन मिलिमीटर चुकला. कार्ड ओळखीच्याच मायक्रोकंट्रोलरवर होतं आणि दोन हंगाम उत्तम चाललं.

तिसऱ्या हंगामात मालकांनी सांगितलं, रोजचं वजन रात्री मोबाईलवर मेसेजने आलं पाहिजे. मागणी साधी. आमच्या मुलाने जीएसएम मोडेम जोडला, शेडवरच उभं राहून कोड लिहिला, मेसेज यायला लागले, आम्ही घरी आलो. पाच दिवसांनी फोन. मी गेलो तेव्हा मालकांनी काही न बोलता बाद मालाचं क्रेट माझ्यासमोर सरकवलं. वरच्या थरात काळे मणी होते. हाताने खाली चाळलं तर सोनेरी, लांब, एक नंबरचे दाणे. मूठभर उचलून मी तसाच उभा राहिलो.

मोडेमकडून उत्तर येत असताना त्याचा इंटरप्ट तीन-चार मिलिसेकंद कोअर अडवून ठेवत होता. प्रायॉरिटी दोघांची सारखी ठेवलेली, त्यामुळे कॅमेऱ्याचा इंटरप्ट बाहेर ताटकळत. झोत दहा-बारा मिलिमीटर उशिरा, म्हणजे शेजारच्या चांगल्या दाण्यावर. तेही दर वेळी नाही, मोडेम बोलत असेल तेव्हाच. म्हणून आम्हाला टेबलावर कधी दिसलं नाही.

तुम्ही म्हणाल, कोड वाईट होता. होताच. इंटरप्टमध्ये स्ट्रिंग शोधत बसू नये, प्रायॉरिटी नीट लावावी, हे मला कळतं. पण तो मुलगा हुशार आहे. त्याने मोडेमचं काम केलं तेव्हा दोन वर्षांपूर्वीचं झोताचं काम त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं. माझ्याही नव्हतं. मालक दर हंगामाला काहीतरी नवं जोडायला सांगतातच, आणि दर वेळी जुनं सगळं पुन्हा तपासायचं हे चार माणसांच्या युनिटला झेपत नाही.

सोलेनॉइडचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्याचा उशीर जवळजवळ ठरलेला असतो, तेवढं आधी उडवलं की भरून निघतो. दर वेळी वेगळा असणारा उशीर कसा भरून काढणार?

हे बनवण्याचं कारण एवढंच.

---

टायमर_आणि_डीएमए

मग हे लिहा ना दादा. हे माहितीपत्रकात का नाही?

माझा विरोध निम्मा मावळला. वेगात तुम्ही एसटीएम३२ शी भांडू नका, हराल. "नवीन काम जोडलं तरी जुनं हलत नाही" हे मात्र मी इंटरप्टवर छातीठोकपणे सांगू शकत नाही. सांगायचं तर दर वेळी सगळ्या प्रायॉरिटी आणि सगळ्यात वाईट वेळा मांडून बसावं लागतं. हे काम मी पगारावर करतो, त्यामुळे त्याला किती दिवस जातात ते मला ठाऊक आहे.

उरलेला विरोध कायम: किंमत आणि मेमरी.

---

पिंपळगाव_बेदाणा

मी शेतकरी, बेदाण्याची शेड आहे. चिपमधलं मला कळत नाही. पण क्रेटचा परिच्छेद दोनदा वाचला. आमच्याकडे मशीनवाला आला की पहिलं सांगतो "ताशी इतके किलो". बाद मालात चांगला माल किती जातो ते कोणी सांगत नाही, ते आम्हीच रात्री क्रेट चाळून बघतो. तुम्ही येऊन "हे घ्या क्रेट, चाळून बघा" म्हणालात तर मी पुढचं ऐकून घेईन. कोअर वगैरे नंतर.

---

जुना_ट्रान्सप्यूटर

सापडलं तुमचं टिक. बाद क्रेटमधला सोनेरी दाणा.

---

फळा_खडू

पॉलिटेक्निकला शिकवते. फिरती पाळी समजावताना मी पंगतीचं उदाहरण देते, उपयोगी पडलं तर घ्या. आठ पानं मांडलीत. वाढपी वरणाचं भांडं घेऊन ठरलेल्या चालीने फिरतोय, प्रत्येक पानापाशी सारखाच थांबतो. कोणी हाक मारली म्हणून पळत जात नाही, कोणाला नको असेल तरी थांबायचं तेवढं थांबतोच. सातव्या पानावर पाहुणा बसला म्हणून दुसऱ्या पानाला वरण उशिरा येत नाही. आपल्याकडे येईल कधी हे जेवणाऱ्याला आधीच माहीत असतं. इंटरप्टचं उदाहरण उलट: वाढपी एकच, आणि जो मोठ्याने ओरडेल त्याच्याकडे धावतो.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग पानावर कोणी नसताना वाढपी थांबतो तो वेळ वाया नाही का? हो, वाया. ती या रचनेची किंमत आहे आणि ती कबूल करावी. जलद जेवण हवं असेल तर ही पंगत नाही.

---

अंबड_पॅनेल

फळा_खडू मॅडम, हे फार छान. आमच्या पोरांना उद्याच सांगतो.

कार्डवाले दादा, नावाबद्दल माझं मत: पॅनेलवाल्यांना "पीएलसीच्या जागी" असं सांगू नका. पीएलसी त्यांच्या हाताखालचा आहे, लॅडर ही त्याची भाषा त्यांना झोपेत येते, स्पेअर दुकानात मिळतो. तुम्ही म्हणा, "पीएलसीच्या हाताखाली बसतो, मॉडबसवर बोलतो, पीएलसीच्या स्कॅनमध्ये (प्रोग्रॅमच्या एका फेऱ्यात) न बसणारी वेळेची कामं उचलतो." मग पॅनेलवाला तुमच्याशी स्पर्धा समजणार नाही, स्वतःच्या पॅनेलमध्ये जागा करून देईल. नाशिकला तुमचं पहिलं दार तेच: प्रतवारी, पॅकिंग आणि टेस्टिंगची यंत्रं बनवणारे, ज्यांच्याकडे पीएलसी आहेच पण एखादं काम हुकतंय.

---

सातपूर_कार्डवाला

दोन दिवस विचार करून पहिला परिच्छेद नव्याने लिहिलाय. कठोरपणे बघा:

"यंत्रासाठी टायमिंग कंट्रोलर. पीएलसीच्या हाताखाली मॉडबसवर बसतो. वेळेच्या प्रत्येक कामाला स्वतंत्र कोअर, त्यामुळे उद्या नवीन काम जोडलं तरी आधीच्या कामांची वेळ बदलत नाही. नेहमीच्या सी मध्ये प्रोग्रॅम, आरआयएससी-व्ही, जीसीसी. पिन बदलल्यापासून प्रतिसादातला फरक २० नॅनोसेकंदांच्या आत, स्कोपचा फोटो पान २ वर. एकाच कामाला भरपूर गणित किंवा ८ केबीपेक्षा मोठा प्रोग्रॅम लागत असेल, किंवा चित्र ओळखायचं असेल, तर हा कंट्रोलर घेऊ नका."

"क्रांतिकारी" काढलं. "समांतर" तिसऱ्या पानावर नेलं. "स्वदेशी" बद्दल मन होत नाहीये काढायचं.

---

टायमर_आणि_डीएमए

शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. काय जमत नाही ते लिहिणाऱ्याच्या जमणाऱ्या गोष्टींवर मी विश्वास ठेवतो.

पण "आधीच्या कामांची वेळ बदलत नाही" याला एक अट जोडावी लागेल. पाळी ठरलेली आहे म्हणून सामाईक मेमरीपर्यंत पोचण्याची वेळ ठरलेली, हे मान्य. पण दोन कोअर एकाच व्हेरिएबलसाठी लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारी कडी) वापरत असतील तर एकजण दुसऱ्याची वाट बघणारच. तिथे तुमची पंगत संपली. लिहा: "कोअर एकमेकांची वाट बघत नसतील तर." आणि तयार ड्रायव्हर देताना ते लॉकशिवाय लिहा, एकाने लिहायचं, दुसऱ्याने फक्त वाचायचं, अशी रिंग बफरची शिस्त ठेवा.

"स्वदेशी"बद्दल: रचना तुमची, बोर्ड सातपूरला भरलेला, पण एफपीजीएची चिप बाहेरची. "रचना आणि बोर्ड नाशिकचे" असं लिहा. तेवढं पूर्ण खरं आहे आणि त्यात अभिमान कमी होत नाही.

परचेसवाला आणखी एक विचारेल, "उद्या तुमचं युनिट बंद पडलं तर?" ओझरच्या विमान कारखान्याशी कामाचा संबंध आलेल्या कोणालाही विचारा, सुटे भाग पुढे किती वर्षं मिळणार हा प्रश्न तिथे पहिला. रचना एफपीजीएवर आहे हे इथे तुमच्या बाजूचं आहे. ही चिप बंद झाली तर दुसऱ्या चिपवर तीच रचना बसवता येईल, आणि सोर्स त्रयस्थाकडे ठेवायचा करार करता येईल. आत्तापर्यंत एफपीजीए ही तुमची लपवायची गोष्ट होती, ती इथे पुढे आणा.

---

कॉग_आठ

माझ्याकडून डेमोची कल्पना. झोताचा सिग्नल स्कोपच्या एका चॅनेलवर चालू ठेवा, पर्सिस्टन्ससह. मग गिऱ्हाइकाच्याच हाताने लॅपटॉपवरून मोडेमचा प्रोग्रॅम रिकाम्या कोअरवर टाकायला लावा. मोडेम बोलायला लागतो, पहिल्या चॅनेलवरची रेघ जिथल्या तिथे. शेजारी तुमचं जुनं इंटरप्टवालं कार्ड, त्याच मोडेमसह. त्याची रेघ पसरताना दिसेल. दोन मिनिटांत होतं, आणि कोअर हा शब्द उच्चारावा लागत नाही.

---

सातपूर_कार्डवाला

जुनं कार्ड मी फेकलेलं नाही, कपाटात आहे. त्या वेळचा प्रोग्रॅमसुद्धा तसाच ठेवलाय. पण आमचा स्कोप दोन चॅनेलचा आहे. झोत, मोडेम आणि जुन्या कार्डाचा झोत, तिन्ही एकदम दाखवायचे तर कमी पडतो.

---

स्कोपवाली

माझ्याकडे चार चॅनेलचा आहे. रविवारी सकाळी घेऊन येते, आयटीआय सिग्नलपासून पुढे कसं यायचं तेवढं मेसेज करा. प्रोब चार आणते, ग्राउंडच्या क्लिपा मात्र तुमच्याकडच्या लागतील, माझ्या दोन तुटल्यात.

---

पिंपळगाव_बेदाणा

रविवारी मीही नाशिकला आहे. दहा किलो न निवडलेला माल आणू का?

---

सातपूर_कार्डवाला

आणा दादा. देठासकट आणा.